कोणता रेडिओन्यूक्लाइड?

वैशाखातली दुपार होती. एवढ्या उन्हात सोलापुरात कामाशिवाय कुणी बाहेर पडत नाही, आणि शेजारचे अण्णा डोक्यावर टॉवेल टाकून माझ्या दारात उभे. हातात डॉक्टरांची चिठ्ठी.

"सर, हे काय लिवलंय बघा की ओ. हिला करायला सांगितलंय."

अण्णांचं सगळं आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं, त्यामुळे ते हळू बोलायला गेले तरी गल्लीभर ऐकू जातं. चिठ्ठीवर होतं 'रेडिओन्यूक्लाइड बोन स्कॅन'. वहिनींची कंबर कित्येक महिने दुखत होती म्हणून हाडांची तपासणी, एवढाच मामला. पण नातवाने तो लांबलचक शब्द मोबाईलवर शोधला आणि स्क्रीनवर उगवली चेर्नोबिलची स्फोट झालेली अणुभट्टी. घरात रडारड सुरू. "बॉम्बातलं ते सुईतून टोचणार म्हणे. खरं का ओ?"

नातवाचं काही चुकलं नव्हतं, हे आधी कबूल करायला हवं. चेर्नोबिलच्या ढगात होते ते रेडिओन्यूक्लाइडच आणि वहिनींच्या शिरेत जाणार होता तोही रेडिओन्यूक्लाइडच. शब्द खरंच एक आहे. पण नुसता तो शब्द ऐकून घाबरायचं की नाही हे ठरवता येत नाही. त्यासाठी पुढचा प्रश्न विचारावा लागतो: कोणता? मी तीसेक वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, 'समस्थानिके' हा धडा दर वर्षी घेतला, पण हा प्रश्न फळ्यावर कधी लिहिला नाही. त्या दुपारी अण्णांना जे सांगितलं तेच इथे जरा ऐसपैस सांगतो.

शब्दापासून सुरुवात करू. यातल्या 'रेडिओ'चा आकाशवाणीशी संबंध एवढाच की दोन्ही शब्द किरण या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आले. 'न्यूक्लाइड' आला न्यूक्लियसवरून, म्हणजे अणूच्या केंद्रावरून. केंद्रात दोन प्रकारचे कण असतात, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. प्रोटॉन किती यावरून मूलद्रव्य ठरतं. ५३ प्रोटॉन असले की ते आयोडीन, यात तडजोड नाही. न्यूट्रॉनच्या बाबतीत मात्र निसर्ग थोडी सवलत देतो. आपल्या मिठातल्या आयोडीनमध्ये ७४ न्यूट्रॉन असतात, ५३ आणि ७४ मिळून १२७, म्हणून ते आयोडीन-१२७. त्याच ५३ प्रोटॉनांबरोबर ७८ न्यूट्रॉन आले की झालं आयोडीन-१३१. पहिलं लाखो वर्षं जसंच्या तसं राहील. दुसरं आठवड्याभरात निम्मं संपायच्या वाटेला लागतं.

असं का? केंद्रातले प्रोटॉन एकमेकांना ढकलत असतात, त्यांना बांधून ठेवणारं बल फक्त अगदी जवळ आल्यावरच काम करतं, आणि या ओढाताणीत न्यूट्रॉनांचं प्रमाण बिघडलं की केंद्र अस्वस्थ होतं. मग ते कण किंवा किरण बाहेर फेकून स्वतःची मांडणी बदलतं. अल्फा, बीटा, गॅमा म्हणतात ते हेच. हा किरणोत्सार बेक्वेरेल यांच्या ध्यानात आला १८९६ साली. प्रोटॉन इतके आणि न्यूट्रॉन इतके, अशी दोन्हींची संख्या ठरलेला एक विशिष्ट अणू म्हणजे न्यूक्लाइड, आणि तो असा अस्वस्थ असेल तर रेडिओन्यूक्लाइड. स्थिर न्यूक्लाइड अडीचशेच्या आसपास आहेत. अस्थिर तीन हजारांच्या वर माहीत झालेत. म्हणजे नुसते प्रकार मोजले तर बहुमत अस्थिरांचं आहे.

मग 'समस्थानिक' आणि हे वेगळं काय? पुष्कळ डॉक्टर, अगदी पाठ्यपुस्तकंही दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतात आणि त्याने फारसं बिघडत नाही. पण मला फरक आवडतो. 'आयसोटोप' हा शब्द १९१३ मध्ये फ्रेडरिक सॉडी यांनी रूढ केला. त्यांना तो सुचवला मार्गारेट टॉड या स्कॉटिश डॉक्टर बाईंनी. ग्रीकमध्ये 'आयसॉस' म्हणजे सारखी आणि 'टोपॉस' म्हणजे जागा. मूलद्रव्यांच्या तक्त्यात एकाच घरात बसणारे. मराठीतलं 'समस्थानिक' हे अगदी नेमकं रूपांतर आहे. पण हा नात्याचा शब्द झाला. चुलतभाऊ कुणाचा तरी असावा लागतो, एकटा माणूस नुसता चुलतभाऊ होत नाही. आयोडीन-१३१ हा आयोडीन-१२७चा समस्थानिक आहे हे बरोबर. पण नातं बाजूला ठेवून त्या एका अणूबद्दलच बोलायचं, तर ट्रूमन कोमन यांनी १९४७ मध्ये सुचवलेला 'न्यूक्लाइड' हा शब्द जास्त चोख बसतो. नावापुढचा आकडा हा त्याचा आधार नंबर समजा. आकड्याशिवाय नुसतं 'किरणोत्सारी आयोडीन' म्हणणं म्हणजे 'सोलापूरचे अण्णा' असं पाकिटावर लिहून पत्र टाकणं.

त्या आकड्याला सगळ्यात जास्त काय चिकटलेलं असतं? वेळ.

इथे मी अण्णांसमोर चिंचोक्यांचा डबा ठेवला. चिंचोका उभा फोडला की एक बाजू पांढरी, एक काळपट. लहानपणी पट खेळताना फासे म्हणून हेच टाकायचो. असे ६४ तुकडे घ्या, ओंजळीतून फरशीवर टाका आणि पांढरे पडलेले उचलून बाजूला करा. साधारण ३२ उरतील. उरलेले पुन्हा टाका, १६ च्या आसपास. मग आठ, मग चार. कधी ३५ उरतील, कधी २९, कारण तुकडे थोडे आहेत. अणू अब्जावधी असतात, त्यामुळे तिथे हिशेब जवळजवळ तंतोतंत येतो. दर डावाला निम्मे. त्या एका डावाला लागणारा वेळ म्हणजे अर्धायुष्य.

अण्णांनी विचारलं, "मग दोन डावांत सगळेच संपले पायजेत की." हा प्रश्न वर्गात दर वर्षी यायचा. संपत नाहीत, कारण चिंचोक्याला स्मरणशक्ती नसते. पाच डाव टिकलेला तुकडा थकलेला नसतो, सहाव्या डावात त्याचीही शक्यता निम्मीच. अणू म्हातारा होत नाही. तो हजार वर्षं जसाच्या तसा राहतो आणि मग एका क्षणी, काही कारण न देता, बदलतो. तापवा, गोठवा, ॲसिडमध्ये बुडवा, त्याच्या वेळापत्रकात नाव घेण्याजोगा फरक पडत नाही. दहा डावांनंतर १०२४ मधला एक उरतो.

आता हे वेळापत्रक सोलापूरच्या रस्त्यावर आणू. मुंबई ते सोलापूर सुमारे चारशे किलोमीटर, माल घेऊन यायला आठ तास धरा. मुंबईत तयार झालेला रेडिओन्यूक्लाइड इथल्या रुग्णालयात पोचेपर्यंत किती उरेल? थायरॉइडसाठीचं आयोडीन-१३१, अर्धायुष्य आठ दिवस: शंभरातले ९७ उरतील. उशिरा आलं तरी चालतंय. पेट स्कॅनसाठीचं फ्लोरीन-१८, अर्धायुष्य ११० मिनिटं: शंभरातले जेमतेम पाच. टेंभुर्णीला चहाला थांबलात तर आणखी कमी. म्हणून हे बनवणारं सायक्लोट्रॉन नावाचं यंत्र शक्यतो जवळपासच असावं लागतं. आणि वहिनींना द्यायचं होतं ते टेक्नेशियम-९९एम. अर्धायुष्य सहा तास, म्हणजे रस्त्यातच शंभरातले साठ गेले.

मग ते आणायचं कसं? त्याच्या आईला आणायचं. मॉलिब्डेनम-९९ बदलून टेक्नेशियम-९९एम होतं, आणि मॉलिब्डेनमचं अर्धायुष्य आहे ६६ तास. आठ तासांच्या प्रवासात शंभरातले ९२ शाबूत. शिशाच्या जाड भांड्यात एक नळी, तिच्यातल्या भुकटीला मॉलिब्डेनम चिकटून बसलेलं. त्यातून सलाईन सोडलं की तयार झालेलं टेक्नेशियम धुऊन खाली येतं, आई जागेवरच राहते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तयार. या उपकरणाला जगभरचे तंत्रज्ञ 'गाय'च म्हणतात आणि या कामाला धार काढणं. आठवडाभर ती धार चालते, मग गाय आटते. हे ऐकल्यावर अण्णांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

टेक्नेशियम हे मूलद्रव्यच मोठं मजेदार. माणसाने कृत्रिमरीत्या बनवलेलं पहिलं मूलद्रव्य, १९३७ मध्ये पालेर्मो इथे ओळखलेलं. त्याचा एकही न्यूक्लाइड स्थिर नाही. नावातला 'एम' म्हणजे मेटास्टेबल: केंद्रात थोडी जादा ऊर्जा अडकलेली असते आणि ती गॅमा किरण होऊन बाहेर पडते. शरीरात आतल्या आत इजा करणारे बीटा कण जवळपास नाहीतच. किरण शरीराबाहेर येण्याइतके दमदार, पण कॅमेऱ्याने पकडण्याइतके मवाळ. तपासणीसाठी यापेक्षा बरं काय हवं?

हाडांच्या तपासणीत हे टेक्नेशियम हाडांकडे धाव घेणाऱ्या एका फॉस्फेटसारख्या संयुगाला बांधतात आणि शिरेतून देतात. दोन-तीन तास थांबायचं, पाणी भरपूर प्यायचं. हाड जिथे जास्त घडामोडीत आहे, म्हणजे भेग, सूज, गाठ, तिथे ते जास्त जमतं आणि चित्रात तो भाग ठळक दिसतो. साध्या एक्स-रेमध्ये बाहेरून किरण सोडून सावली टिपतात. इथे दिवा आत लावलेला असतो आणि यंत्र फक्त बघतं. म्हणून एक्स-रे हाडाचा आकार सांगतो, हा स्कॅन हाडात काय चाललंय ते सांगतो.

या 'आत काहीतरी सोडून त्याचा माग काढायच्या' युक्तीमागचे गृहस्थ जॉर्ज द हेवेशी. ते तरुणपणी मँचेस्टरमध्ये रदरफोर्ड यांच्याकडे काम करत आणि खानावळीत जेवत. मालकीणबाई ताटात उरलेलंच दुसऱ्या रूपात पुन्हा वाढतात असा त्यांना संशय. बाई ठामपणे नाही म्हणायच्या. एकदा हेवेशींनी ताटात उरवलेल्या अन्नात किंचित किरणोत्सारी पदार्थ मिसळून ठेवला, आणि काही दिवसांनी नव्या पदार्थाजवळ उपकरण धरलं. शिळं सापडलं! १९४३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना याच मागोव्याच्या पद्धतीसाठी मिळालं. खानावळीत जेवलेल्या प्रत्येकाला हा माणूस जवळचा वाटावा.

आता भीतीकडे येतो, कारण ती खोटी नाही. फक्त ती कुठे ठेवायची ते कळायला हवं.

किरण अंगावर पडणं आणि किरणोत्सारी पदार्थ अंगाला लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाळ्याच्या खंडोबाला जाऊन आलात की उन्हाने तुम्ही तापता, पण ऊन तुमच्याबरोबर घरी येत नाही. भंडारा मात्र येतो. कपड्यांवर, गाडीच्या सीटवर, पोराच्या गालावर. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात नेमकं हेच झालं. बंद पडलेल्या दवाखान्यातून कॅन्सरवर किरण द्यायचं यंत्र भंगारात गेलं, कुणीतरी आतली डबी फोडली, आणि अंधारात निळसर चमकणारी भुकटी निघाली. लोकांनी ती कौतुकाने हातात घेतली, घरी नेली, अंगाला लावली. ते सीझियम-१३७ होतं. चार जण दगावले आणि लाखाहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली. आपल्याकडे दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात २०१० मध्ये कोबाल्ट-६० असंच जाऊन पोचलं आणि एकाचा जीव गेला. भंगाराचा धंदा आपल्या शहरातही मोठा आहे. पिवळ्यावर काळं, तीन पाकळ्यांच्या पंख्यासारखं चिन्ह असलेली जड डबी दिसली तर तिच्यावर छिन्नी चालवायची नाही, पोलिसांना कळवायचं.

तोच कोबाल्ट-६० मात्र बंदिस्त असताना आपल्या घरातलं काम करतो. एके काळी कॅन्सरच्या रोग्याला 'कोबाल्ट द्यायला नेलंय' असंच म्हणत, शेक देणं म्हणतात ते. लासलगावला २००२ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'कृषक' प्रकल्प आहे. तिथे कोबाल्टच्या गॅमा किरणांखालून गेलेल्या कांद्याला कोंब फुटत नाहीत, आणि २००७ मध्ये अमेरिकेला गेलेला आंबाही तिथूनच गेला. सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याच्या गाड्यांची रांग बघितलेल्या माणसाला कोंब फुटणं म्हणजे किती नुकसान ते सांगायला नको. तो कांदा किरणोत्सारी होतो का? नाही. किरण त्याच्यावर पडून गेले, पदार्थ त्याला लागला नाही, आणि कोबाल्टच्या गॅमा किरणांत कांद्यातल्या अणूंची केंद्रं बदलण्याइतका जोर नसतो. शिवाय साधा एक्स-रे आणि सीटी स्कॅन यांत रेडिओन्यूक्लाइड नसतोच. बटण बंद केलं की किरण बंद. एमआरआयमध्ये तर या जातीचे किरणही नाहीत. कोबाल्टला बटण नसतं, त्याच्यावर फक्त झाकण ठेवता येतं.

चेर्नोबिलचंही आता आकड्यांसकट बघू. २६ एप्रिल १९८६ ला ढगात जे उडालं त्यात आयोडीन-१३१ होतं. ते गवतावर पडलं, गाईच्या पोटात गेलं, दुधातून पोरांच्या गळ्यातल्या थायरॉइडमध्ये जमलं. थायरॉइड ग्रंथीला १२७ आणि १३१ मधला फरक कळत नाही. रसायन ठरवतात बाहेरचे इलेक्ट्रॉन, आणि ते दोघांचे सारखेच. पुष्कळ मुलांना पुढे थायरॉइडचा कॅन्सर झाला. आणि थायरॉइडच्या कॅन्सरवर आज औषध म्हणून देतात तेही आयोडीन-१३१च! ग्रंथीची तीच भोळी ओढ डॉक्टर कामाला लावतात, रोगी पेशींपर्यंत किरण पोचवायला. म्हणजे 'कोणता' एवढं विचारूनही भागत नाही. किती, कुणाला आणि कुठे, हेही लागतं.

ते आयोडीन तीन महिन्यांत जवळपास संपलं. उरलं सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९०, दोघांची अर्धायुष्यं तीस वर्षांच्या आसपास. सीझियम शरीरात पोटॅशियमसारखं वागतं, स्ट्रॉन्शियम कॅल्शियमसारखं, म्हणून ते हाडांत जाऊन बसतं. १९८६ चं सीझियम २०१६ मध्ये निम्मं झालं, २०४६ मध्ये चौथाई होईल.

इथे एक गैरसमज नेहमी घुसतो: अर्धायुष्य जितकं मोठं तितकं ते भयंकर. वहिनींचं टेक्नेशियम-९९एम बदलून होतं टेक्नेशियम-९९, आणि त्याचं अर्धायुष्य आहे सुमारे दोन लाख अकरा हजार वर्षं. नातवाला हे कळलं असतं तर पुन्हा रडारड. पण उलटं बघा. अणूंची संख्या तेवढीच, आणि त्यांना बदलायला दोन लाख वर्षं, म्हणजे दर सेकंदाला बदलणारे किती कमी! तीस कोटी पटींनी कमी. चिल्लर खिशातून एका दिवसात उधळली तर आवाज होतो, आयुष्यभर एकेक नाणं टाकलं तर कुणाला कळतही नाही. सगळ्यात अडचणीचे ठरतात ते मधले, तीसेक वर्षांवाले. जोरकस असण्याइतके घाईत, आणि आपल्या जन्मात न संपण्याइतके सावकाश.

तपासणी झाली. संध्याकाळपर्यंत नातवाला मांडीवर घेऊ नका, एवढंच वहिनींना सांगितलं होतं. त्या अंगणात एकट्या खुर्ची टाकून बसल्या आणि नातू फाटकापाशी चिंचोके घेऊन. चोवीस तासांत चार डाव होतात, म्हणजे सोळातला एक उरतो, आणि पुष्कळसं लघवीवाटे आधीच गेलेलं असतं. हा हिशेब त्याने स्वतः मांडला.

नंतर मी त्याला विचारलं, तुझ्या अंगात आत्ता किती आहे? तो म्हणाला, मला कुठे टोचलंय. पण असतं. भाकरीत, केळ्यात, डाळिंबात, शेतात टाकतो त्या पोटॅशच्या पोत्यात, सगळीकडे पोटॅशियम असतं आणि त्यातला साडेआठ हजारांत एक अणू पोटॅशियम-४० असतो. मोठ्या माणसाच्या शरीरात त्याचे दर सेकंदाला चार हजारांहून जास्त अणू बदलतात. आपल्या पृथ्वीच्या जन्मापासूनचा हा माल, अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं. शिवाय आकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांनी हवेत तयार होणारं कार्बन-१४, तेही श्वासातून झाडात आणि ताटातून आपल्यात. जिवंत असेपर्यंत त्याची भर पडत राहते, मेल्यावर थांबते, आणि ५७३० वर्षांना निम्मं या हिशेबाने जुन्या लाकडाचं वय काढतात. ही युक्ती विलर्ड लिबी यांची, तिला १९६० चं नोबेल मिळालं.

दगडाचं वय मात्र कार्बनने निघत नाही, तिथे पुन्हा पोटॅशियम-४० लागतं. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या भिंतीतला काळा दगड म्हणजे दख्खनचा थिजलेला लाव्हा. पोटॅशियम-४० चे शंभर अणू बदलले की सुमारे ८९ कॅल्शियम होतात आणि ११ आर्गॉन. आर्गॉन हा वायू. लाव्हा पातळ होता तोवर तो उडून जात होता, दगड थिजला आणि तेव्हापासून आतल्या आत कोंडला गेला. किती कोंडलाय ते मोजलं की थिजल्याची वेळ कळते. दख्खनच्या दगडांची ती वेळ येते साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची. एवढ्या काळात त्या भिंतीतलं पोटॅशियम-४० किती संपलं असेल? नातवाने डब्यातले चिंचोके जवळपास सगळे बाजूला काढले. मी त्याला ते परत आत टाकायला लावले. शंभरातले साडेतीन.